तरुण मुली आणि एचआयव्हीचा धोका: नागपुरातल्या मुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कॉलेजातल्या सत्रानंतर चिठ्ठीवर आलेले आहेत, वसतिगृहाच्या जिन्यात थांबवून विचारलेले आहेत. बरेचसे "मैत्रिणीला विचारायचंय" म्हणून आलेले आहेत. एचआयव्ही कशाने होतो हे बहुतेकींना ठाऊक असतं: असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त, आईकडून बाळाला. अडतं ते पुढे. त्याला विचारायचं कसं, नाही म्हणायचं कसं, टेस्टला जाताना कोणी ओळखीचं भेटलं तर काय, हे कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून इथे विषाणूपेक्षा माणसांबद्दल जास्त लिहिलं आहे.

मुलींना धोका जास्त म्हणतात. तो शरीरामुळे की परिस्थितीमुळे?

दोन्हींमुळे. पण शरीराच्या बाबतीत आपल्या हातात फार काही नसतं.

बाधित जोडीदाराशी कंडोमशिवाय योनीमार्गे संबंध आला, तर बाईला लागण होण्याची शक्यता दर १०,००० वेळांमागे साधारण ८ आणि पुरुषाला साधारण ४, असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. म्हणजे बाईला दुप्पट. वीर्य आत राहतं, आतल्या अस्तराचा पृष्ठभाग मोठा असतो, आणि कोवळ्या वयात गर्भाशयमुखाचं नाजूक अस्तर जास्त उघडं असतं. जबरदस्ती झाली, कोरडेपणा असला की बारीक जखमा होतात. गुप्तरोग असेल तर धोका आणखी वाढतो.

"दहा हजारात आठ? मग काय टेन्शन?" असं एकीने विचारलं होतं. तो सरासरीचा आकडा आहे. ज्याला नुकतीच लागण झाली आहे, त्याच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणू प्रचंड असतात, आणि त्या वेळी त्याला स्वतःलाही काही माहीत नसतं. शिवाय आठांतली ती वेळ पहिलीच असू शकते.

आता परिस्थिती. २०२३ मध्ये जगात दर आठवड्याला १५ ते २४ वयाच्या सुमारे ४,००० मुली-तरुणींना नव्याने लागण झाली, त्यातल्या सुमारे ३,१०० सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. तिथल्या मुलींचं शरीर काही वेगळं नाही. तिथे पुरुषांमध्येच लागणीचं प्रमाण जास्त आहे, जोडीदार वयाने मोठे असतात, पैसा त्यांच्या हातात असतो आणि मुलीच्या शब्दाला किंमत कमी. ते आकडे जसेच्या तसे नागपूरला लावू नका, भारतात साथीचं प्रमाण बरंच कमी आहे. शेवटच्या दोन गोष्टी मात्र ओळखीच्या वाटतील.

हे सगळं गंगाजमुनातलं नाही का? आपल्याकडे कुठे असतं हे?

गंगाजमुना या इतवारीतल्या देहविक्रीच्या वस्तीकडे बोट दाखवून नागपूर वर्षानुवर्षं निश्चिंत झोपलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी वस्ती सील केली तेव्हा पुष्कळांना वाटलं, रोगही सील झाला.

तिथे येणारं गिऱ्हाईक राहतं कुठे? आपापल्या घरी. बायको असलेल्या, किंवा लवकरच होणार असलेल्या घरी. आणि देहविक्री करणाऱ्या बायकांमध्ये कंडोम आणि नियमित तपासणीचं काम कित्येक वर्षं झालं आहे. कंडोमबद्दल त्या जितक्या मोकळ्या बोलतील, तितकी धरमपेठेतली पदवीधर मुलगी बोलणार नाही.

घाबरून जाण्यासारखं चित्र नाही. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात प्रौढांमधलं प्रमाण ०.२१ टक्के होतं. पण महाराष्ट्रात ३.९४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, देशात सर्वांत जास्त. देशातल्या एकूण बाधितांत बायका ४० टक्क्यांहून अधिक आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य कुठल्याही वस्तीतल्या नाहीत.

माझे एकाशीच संबंध आहेत. मग मला कसला धोका?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा थांबून सांगते.

१९९७ मध्ये पुण्याच्या संशोधकांचा एक अभ्यास अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात पुढे होते डॉ. रमण गंगाखेडकर, जे २०२० मध्ये कोरोनाच्या रोजच्या पत्रकार परिषदांमुळे घराघरात ओळखीचे झाले. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायका त्यांनी तपासल्या. त्यातल्या जवळपास चारशे बायका देहविक्री करणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के एचआयव्ही बाधित निघाल्या, आणि बहुतेकींच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष आलेला नव्हता. या आधीच तक्रार घेऊन आलेल्या बायका होत्या, त्यामुळे हा आकडा सगळ्या गृहिणींना लावता येत नाही. पण एकाशीच राहण्याने आपोआप संरक्षण मिळतं ही समजूत त्या अभ्यासाने मोडली. तिचं वागणं चोख होतं, धोका त्याच्या वागण्यातून आला.

आजच्या कॉलेजातल्या मुलींचं चित्र थोडं वेगळं. पहिल्या वर्षी एक मित्र, ब्रेकअप, मग दुसरा, नोकरी लागल्यावर तिसरा. प्रत्येक वेळी "एकच". त्याच्या बाजूनेही तसंच. दोघंही प्रामाणिक असतात, कोणी कोणाला फसवत नाही, आणि तरी मागच्या नात्यातलं काहीतरी पुढच्या नात्यात येऊ शकतं. म्हणून "तू मला फसवतोस का?" हा प्रश्न इथे कामाचा नाही. "शेवटची टेस्ट कधी केलीस?" हा कामाचा आहे. त्यात आरोप नाही, आणि उत्तर कागदावर मिळतं.

दुसऱ्या दिवशी गोळी घेतली होती. मग चालतं ना?

नाही. ती गोळी गर्भ राहू नये म्हणून. कॉपर टी, रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या, शस्त्रक्रिया यांपैकी कशानेच एचआयव्ही अडत नाही. कंडोमने अडतो.

पोरगा चांगल्या घरचा आहे, इंजिनिअर आहे, तब्येत ठणठणीत. तरी शंका घ्यायची?

शंका नको, टेस्ट हवी. लागण झाल्यावर आठ-दहा वर्षंसुद्धा काही लक्षण दिसत नाही. जिममध्ये जाणारा, मंगळवारी टेकडीच्या गणपतीला न चुकता जाणारा, सगळे यात येतात.

आपलं मन धोका मोजतं ते ओळखीवरून. ज्याचं घर पाहिलं, ज्याच्या आईच्या हातचं जेवलो, तो सुरक्षित वाटतो. आजार म्हटला की आपल्याला अनोळखी चेहरा दिसतो. आफ्रिकेत एचआयव्ही टाळणाऱ्या गोळीची फेम-प्रेप नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. धोका जास्त म्हणूनच निवडलेल्या तरुणी होत्या त्या. तरी त्यातल्या बहुतेकींना वाटत होतं की आपल्याला धोका नाही, किंवा अगदी थोडा आहे. आणि ज्याला धोका वाटत नाही तो काळजी घेत नाही, यात नवल काय?

उलटीकडूनही चिठ्ठ्या येतात. एका चुंबनानंतर महिनाभर झोप न लागलेल्या, एका ताटात जेवल्यामुळे हादरलेल्या मुली. चुंबनाने, मिठीने, ताटाने, संडासाने, डासाने एचआयव्ही होत नाही. इथे भीती बहुतेक वेळा रोगाची नसतेच. आपण काहीतरी पाप केलं असं वाटत असतं, त्याची असते.

कंडोमचं नाव काढलं की तो म्हणतो, "काऊन, भरोसा नाही का माझ्यावर?" काय बोलू?

या एका वाक्यापुढे भल्याभल्या हुशार मुली गप्प होतात. कारण त्याने विषय आरोग्यावरून प्रेमावर नेलेला असतो, आणि प्रेमाचा पुरावा द्यायची जबाबदारी आपल्याकडे मुलीवरच असते. त्यातून जिने कंडोमचं नाव काढलं तिला "तुला हे सगळं कसं माहीत?" हा दुसरा प्रश्न ठेवलेलाच. माहिती असणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा. म्हणून पुष्कळ मुली माहीत असून न माहीत असल्यासारखं वागतात.

वेळ आधी निवड. ऐन वेळी काढलेला विषय बहुधा हरतो. दिवसा, चहाच्या टपरीवर, नाहीतर सरळ व्हॉट्सॲपवर बोल. लिहिलेलं बोलणं पुष्कळींना सोपं जातं.

शब्द तुझे तू ठरव, पण मुलींच्या उपयोगी पडलेली काही वाक्यं अशी: "भरोसा आहे म्हणूनच तुझ्याशी बोलतेय, नाहीतर निघून गेले असते." किंवा, "दोघं मिळून टेस्ट करू. तोवर कंडोम. हे दोघांसाठी आहे, एकट्या तुझ्यासाठी नाही." कोणी म्हणते, "मला पोट राहायची भीती वाटते." हे सोपं पडतं, पण त्यावर "मग गोळी घे" हे उत्तर येतं, तयार राहा. "मला इन्फेक्शन झालं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय" असं खोटं सांगणाऱ्याही आहेत. माझं मत विचारशील तर, सुरक्षित राहण्यासाठी बोललेल्या अशा खोट्याचं ओझं मनावर घेऊ नये.

लग्न झालेल्यांची अडचण आणखी अवघड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली होती. कंडोम वापरणारी जोडपी ९.५ टक्के. पाळणा थांबवायचं काम बाईच्या शस्त्रक्रियेवर सोपवलं की कंडोम घरातून जातो, आणि मग नवऱ्याकडे तो मागायला कारण उरत नाही. मागितला तर थेट संशय.

घ्यायला लाज वाटते, हे खरं आहे. ओळखीच्या केमिस्ट काकांकडे जाऊ नकोस, सीताबर्डीच्या गर्दीत कोणी बघत नाही, ऑनलाइनही मिळतो. सरकारी केंद्रात फुकट मिळतो. आणि एवढं सगळं बोलूनही तो चिडला, धमकी देऊ लागला, "फोटो व्हायरल करीन" म्हणाला, तर ते कंडोमचं भांडण उरलेलं नाही. मारहाणीबद्दलचं उत्तर वाच.

वयाने बराच मोठा मित्र असेल तर धोका वाढतो का?

वाढतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात संशोधकांनी विषाणूंची जनुकीय जुळणी करून पाहिलं, की कोणाचा विषाणू कोणाकडे गेला. २०१७ मध्ये ते छापून आलं. २५ च्या आतल्या मुलींना लागण ज्या पुरुषांकडून झाली, ते सरासरी ८.७ वर्षांनी मोठे होते. कारण साधं आहे: जास्त वयाच्या पुरुषाच्या आयुष्यात आधीची नाती जास्त, म्हणून लागणीची शक्यताही जास्त.

आकड्यांत न मावणारी बाजू अशी. तुझ्या रूमचं भाडं तो भरतो, मोबाइल त्याने घेऊन दिला, नोकरीला चिठ्ठी त्याने दिली. मग "आज कंडोम नाही तर नाही" म्हणायला जीभ उचलत नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून नागपुरात शिकायला आलेल्या मुलीला हा मोठा माणूस आधारही वाटतो, आणि कधी तो खरोखर आधार असतोही. प्रत्येक मोठा मित्र वाईट, असं मी म्हणत नाही. मदत थांबली तर मी उद्या कुठे जाईन, याचं उत्तर मनाशी आधी तयार ठेव. तेवढ्यानेही बोलण्यात बळ येतं.

म्हणजे मुलींच्या हातात पैसा दिला की धोका कमी होतो?

मलावी देशातल्या झोम्बा जिल्ह्यात हे करून पाहिलं. १३ ते २२ वयाच्या अविवाहित मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडी रक्कम दिली. दीड वर्षाने पैसे मिळालेल्या शाळकरी मुलींत एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के, न मिळालेल्यांत ३ टक्के होतं. वाटलं, उपाय सापडला. पुढे दक्षिण आफ्रिकेत तसाच प्रयोग झाला आणि फरक दिसला नाही. तिथे दोन्ही गटांतल्या बहुतेक मुली मुळातच शाळेत जात होत्या. शाळेत टिकणं ही स्वतःच मोठी ढाल आहे, असा अर्थ पुष्कळांनी काढला.

महाराष्ट्रात २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ झालं, ही चांगलीच गोष्ट. पण मेस आणि खोलीभाडं फीच्या पावतीवर नसतं, आणि मुली अडतात त्या तिथे.

नवरा किंवा मित्र मारतो. त्याचा एचआयव्हीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीतल्या २८ हजारांवर विवाहित भारतीय स्त्रियांच्या माहितीवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नवऱ्याकडून मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती दोन्ही सोसणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण ०.७३ टक्के होतं. असं काही न सोसणाऱ्यांत ०.१९ टक्के. जवळपास चौपट. मारणाऱ्या पुरुषांचे बाहेर संबंध असण्याची शक्यता जास्त, जबरदस्तीत जखम होते, आणि जिला मार पडतो ती कंडोम मागत नाही. तिन्ही गोष्टी एकाच घरात घडतात.

कायद्याची अडचण स्पष्ट सांगायला हवी. बायको १८ वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात बलात्कार ठरत नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचारच आहे, त्यावर संरक्षण मागता येतं. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, तात्पुरता निवारा आणि कायद्याची मदत एका ठिकाणी मिळते. लग्न न झालेल्या मुलीही तिथे जाऊ शकतात.

मला कधी कधी वाटतं, माझं काय व्हायचं ते होवो. हे पण धोक्यात येतं का?

हो, आणि बरं झालं लिहिलंस. उदास मन पुढचा विचार करत नाही. कंडोम वापरणं म्हणजे पाच वर्षांनंतरच्या स्वतःची काळजी घेणं, आणि जिला उद्याचंच काही वाटत नाही तिला त्यात काय अर्थ दिसणार? तो सोडून जाईल ही भीती आजाराच्या भीतीपेक्षा मोठी होते, मग तो म्हणेल ते चालतं.

लहानपणी कोणी अंगाला हात लावला असेल, जबरदस्ती केली असेल, तर मोठेपणी नाही म्हणणं कठीण जातं. अशा मुलींमध्ये एचआयव्हीचा धोका जास्त असल्याचं वेगवेगळ्या देशांत दिसलं आहे. त्या काळी गप्प राहणं हाच वाचण्याचा मार्ग होता आणि शरीराने तो लक्षात ठेवला. यात तुझा दोष शोधू नकोस. टेलि-मानस १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

दारू प्यायल्याने एचआयव्ही होतो का?

दारूने नाही. दारूत घेतलेल्या निर्णयाने होऊ शकतो. पार्टीला जाताना पर्समध्ये कंडोम आणि परतीच्या गाडीचे पैसे ठेव.

लग्न ठरतंय. मुलाची टेस्ट मागितली तर सोयरीक मोडेल, आई म्हणते.

आपल्या विदर्भात एक सोय आधीच झाली आहे, ती वापर. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारामुळे इथे लग्नाआधी रक्त तपासायचं म्हटलं तर आता लोकांना अपमान वाटत नाही. "सिकलसेलची करतोच आहोत, त्यासोबत एचआयव्ही आणि कावीळ बीची पण करून घेऊ, दोघांची" असं म्हटलं की धार कमी होते. "दोघांची" हा शब्द गाळू नकोस. बोलायला मामा, मोठी वहिनी किंवा फॅमिली डॉक्टर पुढे केले तर आणखी सोपं. पत्रिका, पगार आणि तीन पिढ्यांचं गोत्र विचारणाऱ्यांना एक रक्ततपासणी जड जाऊ नये.

सक्ती मात्र कोणावरच करता येत नाही. तो नाही म्हणाला तर कायद्याने त्याला तो हक्क आहे. लग्न करायचं की नाही ठरवायचा हक्क तुला आहे. आणि आजचा निगेटिव्ह रिपोर्ट मागच्या तीन महिन्यांतल्या संबंधांची पूर्ण खात्री देत नाही.

टेस्ट कुठे होते? घरी फोन जाईल का?

मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांत होते, मोफत. केंद्राचं नाव लांबलचक आहे, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. तिथे "आयसीटीसी कुठे?" विचारलं की पुरतं. आधी समुपदेशक एकटीशी बोलतात, मग रक्त घेतात. पहिल्या तपासणीत काही आढळलं तर वेगळ्या किटांनी पुन्हा तपासल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

२०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुझ्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि तुझा निकाल तुझ्या घरच्यांना, कॉलेजला, मालकाला सांगता येत नाही. प्रत्यक्षात कधी रांगेत मोठ्याने नाव पुकारतात, कधी कोणी कर्मचारी "लग्न झालं का?" असं नको त्या आवाजात विचारतो. तू काही चुकीचं करत नाहीयेस, बसून राहा. अगदीच नको वाटलं तर दुसऱ्या केंद्रावर जा, आपल्या एरियातलंच गाठायची सक्ती नाही. अंगावरून पांढरं जाणं, खाज, फोड यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तेही दाखवून घे.

मी १७ वर्षांची आहे. एकटी जाऊ शकते का?

माहिती आणि समुपदेशनासाठी जाऊ शकतेस. सरकारी रुग्णालयांतली मैत्री क्लिनिकं १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठीच आहेत. टेस्टसाठी पालकाची संमती लागते. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू दे: १८ च्या आतल्या मुलीशी संबंध हा पोक्सो कायद्याने गुन्हा आहे, मुलगी राजी असली तरी, आणि ज्यांना तो कळतो त्यांना पोलिसांना कळवावं लागतं. या नियमामुळे मुली दवाखान्यापासूनच लांब राहतात, असं माझं मत आहे. पण आज कायदा तो आहे. कोणी जबरदस्ती करत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

काल रात्री कंडोम फाटला. आता?

हे वाचणं सोड आणि निघ. अशा संबंधानंतर लागण टाळायला पेप नावाची औषधं आहेत. ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत, दिवसा असेल तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, जा आणि "पेप हवंय" असं स्पष्ट सांग. गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतील. जबरदस्ती झाली असेल तर सरकारी काय, खासगी काय, कुठल्याही रुग्णालयाला तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात. एफआयआरची अट घालता येत नाही.

लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी असते म्हणे?

असते, प्रेप म्हणतात. नियमित घेतली तर चांगली चालते, डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायची. पण हिची गोष्ट मोठी बोलकी आहे. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ स्त्रियांवर व्हॉइस नावाची चाचणी झाली. गोळ्या आणि जेल मोफत दिले. बहुतेकींनी सांगितलं, आम्ही रोज वापरतो. रक्त तपासलं तर औषध जेमतेम पंचवीस ते तीस टक्के नमुन्यांत सापडलं. घरात डबी दिसली तर लोक आपल्याला बाधित समजतील, नवरा विचारेल, ही भीती होती. औषधात खोट नव्हती, ते ठेवायला घरात सुरक्षित कोपरा नव्हता.

म्हणूनच लेनाकापाविर या सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. इंजेक्शनची डबी कोणाला दिसत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? लग्न, मूल सगळं संपलं?

नाही. एआरटीच्या गोळ्या मोफत आहेत, आता साधारण दिवसाला एक. निदान झालं की लगेच सुरू करतात. नियमित घेतल्या आणि विषाणू तपासणीत सापडेनासा झाला की संबंधातूनही तो पसरत नाही. लग्न करता येतं, मूल होऊ शकतं. उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

कोणाला सांगायचं, हे घाईत ठरवू नकोस. जोडीदाराला कळणं गरजेचं आहे, समुपदेशक त्यात मदत करतात. पण सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर ते आधी समुपदेशकाला सांग. अशा वेळी, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, डॉक्टरांनी परस्पर जोडीदाराला सांगू नये असं कायदाच म्हणतो. आपल्याकडे पुष्कळदा गरोदरपणातल्या तपासणीत बाईचा निकाल आधी लागतो, आणि मग "तूच घेऊन आलीस" म्हणून तिलाच दोष देतात. निदान आधी झालं म्हणजे लागण आधी झाली असं होत नाही.

मी आई आहे. मुलगी वसतिगृहात जातेय. हे सगळं तिच्याशी बोललं तर तिला परवानगी दिल्यासारखं नाही का होणार?

नाही होत, ताई. लैंगिक शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध ठेवू लागतात असं जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. २०१९-२१ च्या पाहणीत एचआयव्हीबद्दल पुरेशी नेमकी माहिती असलेल्या स्त्रिया देशात २१.६ टक्केच होत्या. पुरुष ३०.७ टक्के. म्हणजे तुमची मुलगी ज्याच्याकडून ऐकेल, त्यालाही बहुधा अर्धंच ठाऊक असेल.

मोठं भाषण नको. "काही झालं, कितीही मोठं झालं, तर आधी मला फोन कर, मी आधी तुला घ्यायला येईन, रागावेन नंतर" एवढं सांगा, आणि खरंच फोन आला तर तसंच वागा. मुलगा असेल तर त्याच्याशीही बोला. मुलीला "जपून राहा" सांगणाऱ्या घरात मुलाला कोणी काही सांगत नाही, हे मला कधी कळलेलं नाही.

मैत्रिणीने मला सांगितलं की ती पॉझिटिव्ह आहे. मी काय करू?

कोणाला सांगू नकोस, अगदी तिच्या भल्यासाठी म्हणूनही नाही. रडू दे. कोणाकडून झालं हे विचारू नकोस. एआरटी केंद्रात पहिल्यांदा जाताना सोबत जा, बाहेर बाकावर बसावं लागेल, पुस्तक घेऊन जा. एका डब्यात जेव. काही अडलं तर दोघी मिळून १०९७ वर फोन करा. एचआयव्हीची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मोफत.